न उघडणारी टोपणं, न फाटणारी पाकिटं: हाताला त्रास न देता धुण्याची घडी कशी बसवावी

धुण्याच्या सामानाचं पॅकिंग उघडताना नखं तुटतात, लोक पाकिटाला दात लावतात, कधी सुरी निसटून तळहातात घुसते. ज्यांचे हात धडधाकट आहेत त्यांची चिडचिड दोन मिनिटांत संपते. पण संधिवात, दुखरं मनगट, बधिर बोटं, हाताला कंप किंवा एकाच हाताने सगळं करावं लागणं, यांपैकी काहीही असेल तर तेच टोपण माणसाला शेजारच्याची वाट बघायला लावतं. स्वतःचे कपडे स्वतःला हवे तेव्हा धुता यावेत ही अपेक्षा फार मोठी नाही, आणि थोडी नीट आखणी केली तर ती बहुतेकांना पुरी करता येते.

आखणीचे दोन भाग आहेत. पहिला, समोरचं पॅकिंग कशाने बंद केलंय ते ओळखून ते कमीत कमी जोरात उघडणं. दुसरा, असा माल आणि अशी मांडणी निवडणं की रोजच्या धुण्याला काही उघडण्याचं कामच पडू नये. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, पण घरात आत्ता जी बाटली आहे ती आधी उघडू.

हे इतकं घट्ट का असतं

काही पॅकिंग निव्वळ निष्काळजीपणामुळे अवघड असतं. चोरी होऊ नये म्हणून वितळवून जोडलेलं जाड प्लास्टिक, वाहतुकीत गळू नये म्हणून दोन-दोन सील, खाच नसलेलं पाउच. त्याचा राग येणं रास्त आहे. पण जंतुनाशकं, ब्लीच आणि धुण्याच्या द्रव कॅप्सूल (पाण्यात विरघळणाऱ्या आवरणातल्या, एका धुण्यापुरत्या द्रवाच्या पुड्या) यांची झाकणं मुद्दाम अवघड केलेली असतात आणि त्यामागचं कारण खरं आहे: लहान मुलं. अमेरिकेत १९७० मध्ये विषबाधा रोखणाऱ्या पॅकिंगचा कायदा झाला. पुन्हा बंद करता येणाऱ्या अशा झाकणांसाठी आयएसओ ८३१७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

या मानकातली चाचणी समजून घेण्यासारखी आहे. ४२ ते ५१ महिने वयाच्या मुलांना पाकीट देतात. पहिल्या पाच मिनिटांत किमान ८५ टक्के मुलांना ते उघडता येऊ नये, आणि कसं उघडायचं ते करून दाखवल्यानंतरही एकंदर किमान ८० टक्के मुलांना उघडता येऊ नये. दुसरीकडे ५० ते ७० वयाच्या मोठ्या माणसांपैकी किमान ९० टक्क्यांना ते उघडता आणि बंद करता यावं. यातून दोन गोष्टी निघतात. पास झालेलं झाकणसुद्धा पाचातलं एखादं मूल उघडू शकतं, म्हणून बाटली उंचावर, कुलपातच हवी. आणि सत्तरीपुढच्या हातांचा या चाचणीत विचारच नाही. पंचाहत्तरीच्या आजींना टोपण उघडलं नाही तर तो त्यांचा कमकुवतपणा मानू नका. ते टोपण त्यांच्या हातावर कधी तपासलेलंच नसतं.

आधी जागा आणि हत्यारं

उभं राहून, बाटली छातीशी धरून झटापट करणं ही सर्वांत वाईट पद्धत. कोपरापेक्षा खाली येईल असं टेबल किंवा स्टूल घ्या. त्यावर ओला पिळलेला फडका पसरा, म्हणजे बाटली घसरत नाही. हात कोरडे हवेत. साबणाचा ओशटपणा बोटांवर असेल तर आधी तो धुऊन टाका.

हत्यारं मोजकीच लागतात: चांगली धार असलेली, मोठ्या कड्यांची कात्री, भांडी घासायचा रबरी हातमोजा, एक पक्कड आणि एक बोथट टोकाचा चमचा. कात्री फक्त याच कामासाठी ठेवा आणि धुण्याच्या जागीच दोरीने टांगा. घरातली कात्री ऐन वेळी सापडत नाही आणि मग माणूस सुरी उचलतो, तिथेच हात कापतो. सुरी वापरावीच लागली तर पाकीट टेबलावर आडवं ठेवा आणि पातं अंगापासून दूर जाईल असं चालवा. पाकीट हातात धरून त्यात सुरीचं टोक कधीही खुपसू नका.

टोपणं

दाबून फिरवायचं टोपण सर्वांत जास्त छळतं, म्हणून त्याच्या आत काय आहे ते आधी बघू. ते एक टोपण दिसत असलं तरी एकात एक अशी दोन टोपणं असतात. आतल्याला आटे असतात आणि ते बाटलीवर बसलेलं असतं. बाहेरचं त्याच्यावर सैल फिरतं. नुसतं फिरवलं की बाहेरच्या टोपणाचे दाते आतल्याच्या उतरत्या दात्यांवरून घसरतात आणि टक्-टक् आवाज येतो. तो आवाज आला की समजावं, दाब कमी पडतोय. खाली दाबल्यावरच दोन्हीचे दाते एकमेकांत अडकतात आणि आतलं टोपण सोबत फिरतं.

म्हणजे इथे बोटांच्या पकडीपेक्षा खाली दाबणं जास्त कामाचं, आणि दाब बोटांनीच द्यायला हवा असं कुठे आहे? बाटली फडक्यावर उभी करा. तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग टोपणाच्या मधोमध ठेवा. कोपर सरळ करा आणि अंगाचा भार हळूहळू त्या हातावर टाका. आता टोपण फिरवायचं नाही. दुसऱ्या हाताने बाटलीचं पोट धरून, वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, बाटलीच फिरवा. बाटलीचा घेर टोपणापेक्षा मोठा असतो, म्हणून तेवढंच काम कमी जोरात होतं आणि अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर ताण येत नाही. टक्-टक् ऐकू आलं तर भार वाढवा, वेग वाढवू नका.

बाजू चिमटून फिरवायचं टोपण वेगळं. त्याच्या कडेला समोरासमोर दोन खरखरीत पट्टे किंवा बाण असतात. तिथे दाबलं की टोपणाची खालची कड लंबगोल होते, उरलेल्या दोन बाजू बाहेर फुगतात आणि बाटलीच्या मानेवरच्या खिट्ट्यांतून सुटतात. लोक बहुतेक वेळा चुकीच्या जागी दाबतात. पट्टे सोडून मधल्या भागावर दाबलं तर कितीही जोर लावा, ते सुटणार नाही. दाबताना अंगठा आणि तर्जनीची चिमूट करण्याऐवजी टोपण पूर्ण मुठीत घ्या: एक पट्टा तळहाताला, दुसरा बोटांच्या मधल्या पेरांना. रबरी मोजा घातला की पकड घसरत नाही. तरी जमत नसेल तर हे टोपण तुमच्या हातासाठी नाही, पुढच्या वेळी तो माल घेऊ नका.

साधं आट्यांचं टोपण अडकलं असेल तर बहुतेक वेळा आट्यांत वाळलेला द्रव हे कारण असतं. टोपण खाली करून भांडंभर गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवा, पुसा, मग रबरी मोज्याने फिरवा. ब्लीचच्या बाटलीला मात्र गरम पाणी लावू नका. उष्णतेने ब्लीचचं विघटन होतं आणि आत वायूचा दाब वाढतो. ब्लीचचं टोपण कोमट ओल्या फडक्याने बाहेरून पुसून, वर सांगितलेल्या पद्धतीनेच काढा. उघडल्यावर आटे पुसून मग टोपण लावायची सवय लागली तर ही वेळ पुन्हा येत नाही.

टोपणाखाली चांदीच्या रंगाचं सील असतं. त्याचं छोटं पान चिमटीत येत नाही, आलं तर तुटतं. पक्कडीने ते पान धरा आणि बाटलीच्या कडेवर टेकवून, टरफलासारखं मागे गुंडाळत आणा. पानच नसेल तर चमच्याचा दांडा सीलच्या कडेशी टेकवून हळूच दाबा, एक फट पडली की तिथून मध्याकडे सोला. या वेळी बाटलीचं मऊ पोट धरू नका. भरलेली बाटली दाबली गेली की द्रव उसळून थेट तोंडाकडे येतो. बाटलीची कडक मूठ किंवा मान धरा.

पाउच, प्लास्टिकचे कवच, शिवलेल्या गोण्या

पाउचच्या प्लास्टिकला धाग्यासारखी दिशा असते: एका बाजूने ते सरळ फाटतं, आडव्या बाजूने नुसतं ताणलं जातं. खाच दिलेली असेल तर ती बरोबर दिशेला असते, पण खाच नसेल तर ओढाओढ करत बसू नका, सरळ कात्री घ्या. द्रवाचं पाउच एका उभ्या डब्यात किंवा मगात उभं करून मग कोपरा कापा, म्हणजे सांडलं तरी डब्यातच सांडेल.

वितळवून जोडलेल्या कडक प्लास्टिकला मधून भोसकायचं नाही. कडेच्या जोडापासून बोटभर आत, तीन बाजूंनी कात्री चालवा आणि झाकण पुस्तकासारखं उघडा. कापलेली कड पातीसारखी धारदार होते, म्हणून मोजा घालूनच आत हात घाला.

पावडरच्या मोठ्या गोणीची शिलाई हा माझा आवडता विषय, कारण अनेक जण ती उगाच कात्रीने कातरतात आणि धाग्याचे तुकडे पावडरीत पाडतात. ही साखळी शिलाई असते आणि ती एका टोकाकडूनच उसवते. शिलाईच्या दोन्ही बाजू नीट बघा: एका बाजूला सरळ टाके दिसतात, दुसऱ्या बाजूला साखळीसारखे फासे. सरळ टाक्यांची बाजू स्वतःकडे करा, उजव्या टोकाला लोंबणारी धाग्याची शेपटी गोणीच्या कडेशी कापा, पहिले दोन-तीन टाके चमच्याच्या टोकाने सैल करा आणि धागा ओढा. बरोबर धागा लागला तर अख्खी शिलाई एका ओढीत सरसर सुटते. अडकली तर जोर लावू नका, दुसऱ्या टोकाकडून तेच करून बघा.

एकदाच उघडा

रोजच्या त्रासातून सुटण्याचा खरा मार्ग हा: माल आणला त्या दिवशी, मदत करणारं कुणी घरात असताना, तो उघडा आणि सोप्या डब्यात काढून ठेवा. महिनाभर मग नुसतं झाकण उचलायचं.

पावडरसाठी रुंद तोंडाचा, हात सहज आत जाईल असा डबा घ्या. झाकण फिरकीचं नको, वरून बसणारं आणि कडेला उचलायला ओठ असलेलं हवं. आत लांब दांड्याचं माप ठेवा. डबा वाफ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर असू द्या, कारण पावडरीतला सोडा ओलावा धरून दगड होतो. द्रवासाठी दाबाचा पंप लावलेली बाटली सोयीची. ती तळहाताने किंवा कोपरानेही दाबता येते. पंप लावला की एकदा मोजून घ्या: दहा वेळा दाबून आलेला द्रव मापाच्या पेल्यात धरा, त्याला दहाने भागा, आणि पाकिटावरच्या मापासाठी किती दाब लागतील ते चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवा.

इथे काही नियम मी अजिबात सैल करणार नाही. घरात लहान मुलं राहत किंवा येत असतील, किंवा कुणाला स्मृतिभ्रंश असेल, तर मुलांपासून सुरक्षित झाकणातला माल सोप्या डब्यात काढायचा नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांनी धुण्याच्या कॅप्सूल खाऊन जीव गमावल्याच्याही घटना नोंदलेल्या आहेत. अशा घरात माल मूळ पाकिटात, कुलूपबंद फडताळात ठेवावा आणि किल्ली सोपी करावी. पाण्याच्या किंवा खाण्यापिण्याच्या बाटलीत, बरणीत काहीही भरू नये. प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावं आणि मूळ पाकिटावरचा सूचनांचा भाग कापून चिकटवावा. ब्लीच मूळ बाटलीतच राहू द्यावं. एका डब्यात उरलेल्या मालावर दुसरा ओतू नये.

मग वापरायचं काय?

दुबळ्या हातांसाठी माझी पहिली पसंती पुठ्ठ्याच्या खोक्यातली किंवा पिशवीतली पावडर. तिचं पॅकिंग कात्रीने उघडतं, माप कमी-जास्त करता येतं, सांडली तर झाडता येते. पांढऱ्या कपड्यांच्या अनेक पावडरींत सोडियम परकार्बोनेट असतं. ते पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि चहा-फळांचे डाग फिके पडतात. द्रवात हे टिकत नाही, म्हणून पांढऱ्या कपड्यांना पावडर सरस. परकार्बोनेट ४० अंशांच्या पुढे, ५०-६० अंशांना चांगलं काम करतं. गार पाण्यात पावडर कधी कधी पूर्ण विरघळत नाही. मगभर कोमट पाण्यात आधी ढवळून मग ओतली की कपड्यांवर पांढरे ठिपके राहत नाहीत.

द्रव गार पाण्यात लगेच मिसळतो आणि तेलकट डागांवर थेट लावता येतो. अडचण बाटलीच्या वजनाची. चार लिटरचा कॅन चार किलोहून जड, तो तिरका करून बारीक टोपणात माप घेणं मनगटाला मारक. एकतर लहान बाटली घ्या, नाहीतर पंप. तोटीचा कॅन असेल तर तो आडवा फळीच्या कडेवर ठेवतात. त्याच्या वरच्या बाजूचं हवेचं बूच उघडल्याशिवाय द्रव धड वाहत नाही, हे लक्षात ठेवा.

कॅप्सूल सगळ्यांत सोपी म्हणून विकली जाते. एक उचला, टाका, झालं. पण तिचा डबा घरातला सर्वांत अवघड डबा असतो आणि तो तसाच असायला हवा, कारण आतला द्रव फार तीव्र असतो. युरोपीय संघात २०१५ पासून द्रव कॅप्सूलच्या आवरणात कडू द्रव्य सक्तीचं आहे, आवरणाने २० अंशांच्या पाण्यात किमान ३० सेकंद तग धरला पाहिजे, आणि बाहेरचा डबा अपारदर्शक व उघडायला कठीण हवा. म्हणजे ज्यांचे हात दुखतात त्यांना कॅप्सूलचा फायदा डब्याशीच अडतो. शिवाय अर्धी कॅप्सूल टाकता येत नाही, थोड्या कपड्यांना ती जास्त होते. घेतलीच तर हात कोरडे ठेवून उचला, आधी रिकाम्या ड्रममध्ये तळाशी ठेवा, मग कपडे टाका. पुठ्ठ्याच्या डब्याची दोन टोकं एकदम दाबावी लागतात. डबा भिंतीला टेकवून दोन्ही हातांच्या तळव्यांनी दाबला तर बोटांवर जोर येत नाही.

धुण्याच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या हल्ली मिळतात. वजन नगण्य, साधा पुठ्ठ्याचा पुडा, हव्या तेवढ्या फाडून घेता येतात. उघडण्याच्या दृष्टीने याहून सोपं काही नाही. स्वच्छतेत मात्र त्या चांगल्या पावडर-द्रवापेक्षा सहसा मागे पडतात. घामाचे रोजचे कपडे ठीक, चिखल-तेलाचे नाही. हात फारच दुखत असतील तर मी ही तडजोड करीन आणि डागांसाठी कपडे धुण्याची वडी जवळ ठेवीन. वडीचा कागद एका ओढीत निघतो. कॉलर, बाह्यांच्या कडा ओल्या करून तिच्यावर वडी फिरवली आणि दहा मिनिटं थांबलं की निम्मं काम झालेलं असतं.

लोकरी आणि रेशमी कपड्यांना एन्झाइमवाली पावडर नको. प्रथिनं तोडणारं एन्झाइम डागाबरोबर धागाही झिजवतं, कारण लोकर आणि रेशीम ही स्वतःच प्रथिनं आहेत.

साबण किसून, त्यात सोडा घालून घरी पावडर करण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मला पटत नाही. किसणंच दुखऱ्या हाताला जड, आणि जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात. तो कपड्यांत आणि मशीनमध्ये साचतो. नुसता धुण्याचा सोडा मात्र जड पाण्यात पावडरीला मदत म्हणून चांगला. तो पाणी मऊ करतो. लोकर, रेशीम आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांपासून तो दूर ठेवा, हाताला मोजे घाला.

आणि एक बाटली तर आणूच नका: कपडे मऊ करणारं द्रावण. त्याचा थर टॉवेलवर बसून पाणी शोषणं कमी होतं. एक जड बाटली, एक टोपण, एक माप कमी झालं.

धुताना

पुढून कपडे टाकायच्या मशीनला कमी फेसाचीच पावडर लागते. हातधुण्याची पावडर टाकली तर फेस इतका होतो की कपडे नीट आपटले जात नाहीत आणि खळबळणं अपुरं राहतं. मापापेक्षा जास्त टाकण्याची सवय सोडली तर पाकीट जास्त दिवस पुरतं, म्हणजे उघडण्याची पाळीही कमी वेळा येते. बादलीत धुणार असाल तर भिजवण्याची वेळ वाढवा, घासणं कमी करा. जड चादरी एकट्या धुवा, आणि पिळण्याऐवजी जाळीच्या टोपलीत निथळत ठेवा.

ब्लीच कशातही मिसळू नका. व्हिनेगर, लिंबाम्ल किंवा इतर आम्लाशी त्यातून क्लोरीन वायू निघतो, अमोनियाशी क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना घातक.

उघडताना द्रव डोळ्यात गेला तर लगेच वाहत्या साध्या पाण्याने १५ ते २० मिनिटं धूत राहा, लेन्स असेल तर काढा, आणि डॉक्टरांकडे जा. कुणी गिळलं तर उलटी करवू नका. तोंड पुसून किंवा खळखळून स्वच्छ करा आणि ताबडतोब डॉक्टर किंवा विषबाधा मदत केंद्राशी बोला. पाकीट हातात ठेवा, त्यावरचे घटक ते विचारतात.

घेताना काय बघावं, आणि कुणाला कळवावं

दुकानात पाकीट हातात घेऊन एवढं तपासा: मुठीच्या पोकळीतून चारही बोटं आत जातात का, टोपण तळहातात मावेल इतकं रुंद आहे का, फाडायची पट्टी किंवा खाच दिसते का, पिशवी पुन्हा बंद होते का. ही दोन मिनिटं घरी अर्धा तास वाचवतात.

जे उघडलंच नाही त्याबद्दल उत्पादकाला लिहा. पॅकिंग उघडायला सोपं असावं यासाठी आयएसओ १७४८० हे मानक २०१५ पासून आहे, त्याचा उल्लेख करा. 'उघडत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तर छापील येतं. त्याऐवजी मालाचं नाव, आकार, बॅच क्रमांक, नेमकं कुठे अडलं (सीलचं पान तुटलं, टोपण टक्-टक् करत राहिलं, खाच चुकीच्या दिशेला फाटली), उघडणाऱ्याचं वय आणि हाताची अडचण, आणि अडलेल्या जागेचा जवळून काढलेला फोटो पाठवा. उघडायला शेवटी काय वापरावं लागलं तेही लिहा. सुरी वापरावी लागली असेल तर ते पहिल्या ओळीतच यायला हवं.